माळ्यावरचे कासव

जुने घर विकायला काढले म्हणजे घरातली माणसे दोन गटांत विभागली जातात. एका गटाला प्रत्येक वस्तू भंगार वाटते, दुसऱ्याला प्रत्येक वस्तू पूर्वजांची ठेव वाटते. मौज अशी की, माणसे गट सारखे बदलत असतात. पितळेची समई आपल्या वाट्याला येणार असेल तोवर ती ठेव असते. ती धाकट्या जावेकडे जाणार असे कळले की तिला एकाएकी पोचे दिसू लागतात. फलटणच्या आमच्या वाड्याचे याहून वेगळे काही झाले नाही. बंब, घंगाळी, पाटे-वरवंटे, शिसवी पेट्या यांची वाटणी दोन दिवसांत बिनतक्रार, म्हणजे अवघ्या तीन जणांच्या अबोल्यावर, आटोपली. मागे उरली ती एकच वस्तू. तिच्यावर कोणी हक्क सांगेना, कारण ती काय आहे हेच कोणाला सांगता येईना.

ती माळ्यावर, गोणपाटात गुंडाळून, अगदी कोपऱ्यात ढकलून ठेवलेली होती. चौघांनी दोर लावून खाली उतरवली. कमरेइतकी उंच, गोल, बिडाची, तीन आखूड पायांवर उभी. वर जड झाकण, खाली तळहाताएवढे दार, आणि पाठीच्या बाजूला मनगट सहज आत जाईल असे गोल भोक, त्याला बाहेर आलेले कडे. झाकणावरची धूळ पुसली तेव्हा तिथे एक कासव निघाले. चांगले ठसठशीत, चार पाय पसरून बसलेले. त्याच्या पाठीवर काळपट लाल थर साठला होता. बोट लावून पाहिले तर ते वाळून खडखडीत झालेले हळदकुंकू.

मग तर्कांना काय तोटा! माझा पुतण्या म्हणाला, ही तिजोरी. भंगारवाला म्हणाला, "रोडरोलरचा पार्ट हाय सायेब, बिडाचा भाव देतो." वहिनींनी कासवाला हात जोडले आणि ही कुठल्या तरी देवळातली वस्तू असावी, ती घरात ठेवणे बरे नव्हे, असा निर्णय दिला. तोही अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. आपल्याकडे कासव पाहिले की पुढे गाभारा असणारच असे माणूस धरून चालतो. थोरले काका तेवढे काही बोलले नाहीत. सत्त्याऐंशी वर्षांचे काका एरवी प्रत्येक चमच्याचा इतिहास सांगतात. त्यांनी एकदा तिकडे पाहिले, "शेगडी आहे ती," म्हणाले, आणि खुर्ची उलट्या बाजूला वळवून बसले.

शेगडी! फलटणला! आमचे गाव पर्जन्यछायेतले. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि थंडी ही पाहुणीसारखी चार आठवडे राहून जाते. इथल्या घरात स्वयंपाकाची चूल असते, न्हाणीघरातला बंब असतो. पण खोली उबदार ठेवण्यासाठी एवढे धूड कोणी विकत घेईल हे पटेना. मी पडलो मराठीचा मास्तर. अर्थ लागत नसलेली ओळ आणि नाव कळत नसलेली वस्तू या दोन्ही माझ्या झोपेच्या मुळावर येतात. भंगारवाल्याला मी आठ दिवसांनी ये म्हणून सांगितले.

बिडावरची अक्षरे वाचण्याची एक सोपी युक्ती आहे, आणि तिचे साहित्य माझ्या खिशात नेहमीच असते. गंज रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्यावा आणि उठावाच्या अक्षरांवरून खडू आडवा फिरवावा. खोलगट भाग काळा राहतो, उठाव पांढरा होतो. तशी पांढरी झालेली अक्षरे इंग्रजी निघाली, पण निम्मी झिजलेली. म्हणून मी आधी उलट्या बाजूने, म्हणजे ही काय नाही याचा शोध घेतला.

दिवाणखान्यात ठेवायच्या शेगड्यांचा खरा थाट अमेरिकेतला. तिथे न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी ट्रॉय आणि ऑल्बनी ही दोन गावे एकोणिसाव्या शतकात या धंद्याची माहेरघरे होती. त्या शेगड्या म्हणजे नटव्या नवऱ्या. अंगावर वेलबुट्टी, कडांना निकेलची झळाळी, डोक्यावर कलश, आणि दाराला अभ्रकाच्या खिडक्या, की आतला विस्तव लाल दिसावा आणि बैठकीला शोभा यावी. आमच्या शेगडीला ना अभ्रक, ना निकेल, ना कलश. म्हणजे ती अमेरिकन नव्हे. मग इंग्लंडकडे वळलो. तिथे १८४२ पासून १८८३ पर्यंत नमुन्याची सरकारी नोंद केलेल्या मालावर एक चौकटीची खूण उठवीत. टोकावर उभा केलेला चौकोन, कोपऱ्यांत अक्षरे आणि आकडे, त्यांवरून नोंदीचा दिवस, महिना, वर्ष काढता येते. आपल्या जन्मकुंडलीची धाकटी बहीणच म्हणा ना. १८८४ पासून ती पद्धत बंद झाली आणि नुसता अनुक्रमांक टाकू लागले. आमच्या शेगडीची मी तळापासून तपासणी केली. कुंडलीही नाही आणि क्रमांकही नाही.

शेवटी उत्तर दिले ते कासवानेच. त्याच्या भोवतालच्या गोलात खडूने तीन शब्द स्पष्ट उठले: 'स्लो बट शुअर'. हळू, पण खात्रीने. ससा आणि कासवाची गोष्ट आपण मुलांना सांगतो, तिचेच हे विलायती तात्पर्य. आणि या तीन शब्दांवरून घराणे तत्काळ सापडले. इंग्लंडात एसेक्स परगण्यात हॅल्स्टेड नावाचे छोटे गाव आहे. तिथे चार्ल्स पोर्टवे म्हणून एक लोखंडी सामानाचा दुकानदार होता. १८३० च्या सुमारास त्याने स्वतःच्या दुकानात ऊब यावी म्हणून एक शेगडी केली. ती पाहून शेजाऱ्याने मागितली, मग त्याच्या शेजाऱ्याने. शेगडीचे नाव ठेवले 'टॉर्टॉइज', कासव. पुढे इंग्लंडातल्या कितीतरी चर्चांत आणि सभागृहांत ही कासवे जाऊन बसली.

तिची करामत अशी. कोळशाला हवा भरपूर मिळाली की तो भरभर जळतो आणि निम्मी उष्णता धुराड्यातून निघून जाते. पोर्टवेने हवा मोजकी केली. खालचे दार लावले की विस्तव पेंगतो, पण विझत नाही. रात्री भरलेला कोळसा सकाळपर्यंत पुरतो आणि त्याची जवळजवळ सारी ऊब बिडात उतरते. पाठीमागचे भोक होते नळीसाठी. ही नळी भिंतीतून किंवा छपरातून बाहेर काढायची. तिच्याशिवाय ही शेगडी म्हणजे शेगडीच नव्हे.

इथे थोडे आडवळण घेतो, कारण फलटणकराला ते घेतल्यावाचून राहवणार नाही. शेगड्यांचे शास्त्र आमच्या गावाला परके नाही. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये इथे कृषी संशोधनाची संस्था काढली. १९८१ पासून तिथे अनिल राजवंशी यांनी ऊर्जेचे काम चालविले. खेड्यातल्या बाईला धुरावाचून स्वयंपाक कसा करता येईल, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा ध्यास. एकाच ज्योतीवर उजेडही पडावा आणि भातही शिजावा असा कंदील-स्टोव्ह त्यांनी इथेच तयार केला. ज्या गावात धुराचा एवढा विचार झाला, त्याच गावात आमच्या घरी ही नळी नसलेली शेगडी होती. नळीचा एक तुकडाही माळ्यावर नव्हता. मी सारा माळा झाडून काढला.

संध्याकाळी काकांना म्हटले, "काका, ही इंग्लंडची. नळी कुठे गेली हिची?"

"नळी महाबळेश्वरला राहिली," काका म्हणाले. "भिंतीत चिणलेली होती म्हणे. माझे आजोबा तिथं एका साहेबाच्या बंगल्याचे कारभारी होते. साहेब विलायतेला निघाला, सामानाचा लिलाव झाला, त्यात ही घेतली. कशाला घेतली देव जाणे. सोप्यावर शोभेला ठेवली होती."

"मग माळ्यावर का टाकली?"

काका बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी जे सांगितले ते मी अर्धेमुर्धे लहानपणापासून ऐकत होतो; सलग कधी ऐकले नव्हते.

आमची आजी ही आजोबांची दुसरी बायको. देवघरात तिने सवतीचा टाक ठेवला होता आणि सणासुदीला पहिला नैवेद्य त्या टाकाला असे, एवढे मला आठवते. ती पहिली, जिला घरात सगळे 'थोरली' म्हणत, बाळंतपणात गेली. साल १९२६, शके १८४८. फलटणच्या श्रीरामाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो. त्याच्या आदल्या दिवशी तिला मुलगा झाला. काकांना ही हकीकत सांगितली ती त्यांच्या आत्याने. ती तेव्हा बारा वर्षांची होती आणि घरातच होती.

बाळंतिणीची खोली माजघरामागे. एक दार, एक झरोका, आणि वारा लागू नये म्हणून झरोक्यात चिंध्या कोंबलेल्या. सुईण सकाळ-संध्याकाळ घमेल्यात निखारे आणी, शेक देई, ओवा नि बाळंतशोपांची धुरी करी आणि काम झाले की घमेले उचलून परसात नेऊन ओती. तिचा तो नेमच होता. पण त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली. पहाटे खोली गार होई, थोरलीला हुडहुडी भरे. आजोबांचे वय तेव्हा सव्वीस. त्यांना ते बघवेना. सोप्यावरची विलायती शेगडी त्यांनी दोन गड्यांकडून आत नेववली, लोणारी कोळसा भरला. रात्रभर ऊब राहिली. घरात सगळ्यांना कौतुक वाटले. सुईण तेवढी कुरकुरली, की निजताना विस्तव खोलीत ठेवायची आपली रीत नाही. तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

सटवी पूजून दोन दिवस झाले होते. त्या रात्री वारा सुटला म्हणून दार घट्ट लावून घेतले. सुईण आत, बाजेशेजारी निजलेली. मध्यरात्री ती उठून बाहेर आली, डोके फुटतेय म्हणाली, अंगणात ओकली, आणि बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार ओढून घेऊन ओटीवरच आडवी झाली. सकाळी उशीर झाला तरी हाक नाही, म्हणून दार उघडले. मायलेकरे दोघेही गेलेली.

"आत्या एक गोष्ट नेहमी सांगायची," काका म्हणाले. "थोरलीचा चेहरा मेल्यासारखा नव्हता म्हणे. गुलाबी दिसत होता, कुंकू फासल्यासारखा. आयाबाया म्हणाल्या, ही देवीनं नेली."

आणि घरातल्या पुरुषांचे काय मत पडले? सुईणीने काहीतरी केले. नाही तर नेमकी त्याच रात्री ती खोलीतून उठून गेली कशाला? चौकशी नाही, पोलीस नाही. पण गावात एवढे बोलणे पुरते. कोणी तिला बाळंतपणाला बोलावीना. वर्षाच्या आत ती फलटण सोडून लेकीकडे गेली. आमच्या घरात एखाद्या कामाचा विचका झाला की 'सुईणीचा हात लागला' असे म्हणत. मी स्वतः लहानपणी ते वाक्य ऐकले आहे. ती म्हण आहे असे मला वाटे.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या चुलत बहिणीच्या मुलीला पुण्याला फोन केला. ती डॉक्टर आहे. बंद खोली, कोळसा, नळी नसलेली शेगडी, एवढेच सांगितले. तिने विचारले, "मामा, चेहऱ्याचा रंग कसा होता, कोणी सांगितलंय का?"

मी अद्याप त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

कोळशाला हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराने माणूस खोकतो, जागा होतो. हा वायू कोणाला जागे करीत नाही. रक्तात प्राणवायू वाहून नेणारे जे द्रव्य आहे, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि रक्त चेरीसारखे लालबुंद दिसू लागते. मेलेल्याचा चेहरा गुलाबी दिसतो तो त्यामुळे. आधी डोके दुखते, मळमळते, ओकारी येते. तेवढ्यात उठून बाहेर मोकळ्या हवेत गेले तर माणूस वाचतो. इंग्लंडात जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या वर्षांत खाणीतल्या स्फोटांत दगावलेल्या मजुरांची तपासणी करून दाखविले, की त्यांतले बहुतेक भाजून नव्हे, या वायूने मेले होते. खाणीत चिमुकले पक्षी न्यायचा सल्ला त्याचाच. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसमधल्या स्वतःच्या घरी असाच गेला. धुराडे तुंबले होते. त्याची बायको तेवढी वाचली. उत्तरेकडे थंडीच्या दिवसांत बंद खोलीत अंगठी पेटवून निजलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आजही दर वर्षी येतात.

पोर्टवेची सारी हुशारी कोळशाला हवा कमी देण्यात होती, आणि कमी हवेत होणारे विष बाहेर टाकण्याचे काम त्या नळीकडे होते. नळी महाबळेश्वरच्या भिंतीत राहिली. पाठीचे भोक बाळंतिणीच्या बाजेकडे तोंड करून उघडे.

"इतक्या वर्षांपूर्वीचं निदान मी कागदावर लिहून देणार नाही," भाची म्हणाली, "पण मला शंका नाही."

आता प्रश्न असा, की हे काकांना सांगायचे की नाही. सुईणीवरचा आळ जातो, तो नुसता हवेत विरून जात नाही. शेगडी आत नेववली कोणी? ज्यांच्या तसबिरीला काका रोज सकाळी हार घालतात त्यांनी. प्रेमाने नेववली, अजाणता नेववली, हे सगळे खरे. आणि आणखी एक गोष्ट. थोरली जगली असती तर आमची आजी या घरात आली नसती. काका नाहीत, माझे वडील नाहीत, मी नाही. समईवरून अबोला धरणारेही नाहीत. हिशेब मांडू लागलो तर तो कुठे जाऊन थांबेल याचा नेम नव्हता. माझी बायको म्हणाली, "सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला कशाला?" तिच्या म्हणण्यात तथ्य होते. पण वाडा विकला जाणार होता, शेगडी भंगारात जाणार होती, आणि ती गेली म्हणजे ते भोक दाखवायलाही राहणार नव्हते. मी सांगितले.

काकांनी सगळे ऐकून घेतले. मग काठी टेकत शेगडीपाशी गेले, वाकले, आणि त्या भोकात हात घालून पाहिला.

"बाबा तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत," ते म्हणाले. "आईला मात्र काहीतरी वाटत असावं. आमचं एकही बाळंतपण तिनं या वाड्यात होऊ दिलं नाही. आणि शेगडी मोडीत घाला म्हटलं तर तेही करू देईना. माळ्यावर चढून कासवाला हळदकुंकू वाहून यायची."

थोड्या वेळाने म्हणाले, "त्या सुईणीच्या घरचं कोण आहे रे आता?"

चौकशी करायला वेळ लागला नाही. तिचा पणतू फलटणलाच, दोन पेठा पलीकडे, पिठाची गिरणी चालवतो. मी त्याच्याकडे दळण टाकलेले आहे. रविवारी सकाळी काकांना रिक्षाने घेऊन गेलो. गिरणीमागच्या घरात पणतवाची आई होती, सत्तरीच्या पुढची. सुईणीच्या शेवटच्या दिवसांत ती नवी सून म्हणून त्या घरात आली होती. काका नाव सांगून आत गेले तेव्हा ती उठून उभी राहिली, पण "या" म्हणाली नाही. वाड्याचे नाव त्या घरातही माहीत होते.

काका खुर्चीवर बसले नाहीत. उभ्याउभ्याच सगळे सांगितले: कोळसा, वायू, नळी, वडिलांनी शेगडी नेववली ती. "तुमच्या आजीनं काही केलं नव्हतं," म्हणाले. "दोष आमच्या घरचा होता. आणि तिनं सांगितलं होतं, की विस्तव आत ठेवू नका."

बाई बराच वेळ पदराशी चाळा करीत राहिली. "लोकं काय म्हणायची त्याचं आज्जीनं काय मनावर घेतलं न्हाई, अण्णा," ती म्हणाली. "पर ती सोता म्हणायची, म्या दार का वढून घेतलं? उघडं टाकलं असतं तर पोर वाचली असती. मरस्तवर दार लावून निजली न्हाई ती. थंडी असू दे, पाऊस असू दे. आमी म्हणायचो, म्हातारीला खूळ हाय."

काका तेव्हा बसले. चहा आला. बशीत ओतलेला चहा त्यांच्या हातून थोडा सांडला, तो त्या बाईने पुसून घेतला.

पुढच्या रविवारी ती मुलाला घेऊन वाड्यावर आली. ती वस्तू एकदा बघायची आहे म्हणाली. घरात निम्म्या भिंती रिकाम्या झाल्या होत्या. शेगडी सोप्यावरच उभी होती. तिने भोवती एक फेरी घातली, कासवाला हात लावला, खालचे दार उघडून मिटून पाहिले.

"आन् ती नळी कुठनं निघायची?" तिने विचारले.

काकांनी तिला पाठीमागे नेऊन ते भोक दाखविले.